सुवॉनच्या राजवाड्यापुढची चोवीस युद्धकलांची प्रात्यक्षिके

सोलच्या दक्षिणेला सुमारे 30 किलोमीटरवर सुवॉन शहरात ह्वासंग हेंगुंग हा राजवाडा आहे. त्याच्या शिनपुंगनू दरवाजासमोरच्या पटांगणात सोमवार सोडून इतर दिवशी सकाळी 11 वाजता चोवीस पारंपरिक युद्धकलांची प्रात्यक्षिके होतात आणि ती पाहायला तिकीट लागत नाही. कोरियन युद्धकलांचे मूळ चिनी आहे की नाही, या वादात ज्यांना रस आहे त्यांनी ती चुकवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

हे सर्व प्रकार ‘मुये दोबो तोंगजी’ या ग्रंथातले आहेत. राजा जंगजोच्या आज्ञेने यी दोक-मू, पाक जे-गा आणि बेक दोंग-सू यांनी तो 1790 मध्ये सिद्ध केला. माझी नजर सर्वांत जास्त खिळली ती नांगसन या शस्त्रावर. टोकाला भाल्याचे पाते बसवलेला, बाजूच्या फांद्या न छाटलेला हा लांबच लांब बांबू सैनिक पुढे रेटू लागला की समोरच्या तलवारबाजाला आत शिरायला वाटच सापडत नाही. त्याचा जोडीदार म्हणजे वेताची गोल ढाल घेतलेला गडी. चीनच्या मिंग राजवटीतला सेनापती छी चिग्वांग याने सोळाव्या शतकात चाच्यांच्या जपानी तलवारींना तोंड देण्यासाठी जी तुकडी बसवली, तिच्यातली ही जोडी. 1592 मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली, पुढच्या वर्षी मिंग फौजेच्या मदतीने प्योंगयांग परत मिळाले, आणि त्या फौजेचे तंत्र पाहून कोरियन दरबाराने ते आपल्या सैनिकांना शिकवायला घेतले. त्यातूनच 1598 मध्ये सहा शस्त्रांची पहिली पुस्तिका तयार झाली. 1790 च्या ग्रंथकारांनी हे ऋण लपवलेले नाही. छीचा उल्लेख ते करतातच, शिवाय जपानी तलवारीचे डावही ‘वेगम’, म्हणजे जपानी तलवार, याच नावाने देतात.

हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. कॉलेजात असताना मी ज्या तायक्वांदो वर्गाला जात होतो, तिथे ही कला दोन हजार वर्षांची आणि अस्सल कोरियन असल्याचे पाठ करून घेत, आणि बेल्टच्या तोंडी परीक्षेत तेच उत्तर द्यावे लागे. प्रत्यक्षात चाळीसच्या दशकात कोरियात निघालेल्या शाळांचे अनेक संस्थापक जपानमध्ये कराटे शिकून आलेले होते, आणि तायक्वांदो हे नाव 1955 चे आहे. चिनी धागा तिथेही आहे, पण बारीक. या संस्थापकांपैकी यून ब्योंग-इन ईशान्य चीनमधल्या मांचुरियात चिनी मुष्टियुद्ध शिकले होते. दुसरे संस्थापक ह्वांग की यांनीही मांचुरियात चिनी गुरू लाभल्याचे सांगितले आणि पुढे आपल्या कलेचे नाते 1790 च्या याच ग्रंथातल्या क्वनबप, म्हणजे मुष्टियुद्धाच्या, प्रकरणाशी जोडले. ते प्रकरण मात्र छीच्या बत्तीस पवित्र्यांवर बेतलेले आहे. अस्सल कोरियन मूळ शोधत निघालेला माणूस अशा रीतीने पुन्हा मिंग छावणीतच येऊन पोहोचतो.

देवाणघेवाण एकतर्फी मात्र नव्हती. माओ युआनयी याने 1621 च्या आपल्या चिनी युद्धशास्त्राच्या ग्रंथात तलवारीचे काही डाव कोरियातून मिळाल्याचे नोंदवले आहे, आणि तेच डाव कोरियन ग्रंथकारांनी त्याच्याकडून परत घेतले आहेत.

कोरियन येत नसेल तर जाण्यापूर्वी नांगसन, वेगम आणि क्वनबप यांच्याविषयी थोडे वाचून जावे. मग पटांगणात तो फांद्यांचा बांबू पुढे आला की तो कुठून आला, हे कुणाला विचारावे लागत नाही.