बँकार्ट रिपेअरनंतरचे सहा-सात महिने: खांदा झकास, पट्टा भिकार

बँकार्ट रिपेअर म्हणजे खांद्याच्या खोबणीची फाटलेली कड, म्हणजे लॅब्रम, पुन्हा हाडाला शिवणं. कबड्डीत निखळणारा डावा खांदा पुढे पुढे झोपेत कूस बदलतानाही निखळायला लागला, तेव्हा दुर्बिणीतून फाटलेलं लॅब्रम अँकर (हाडात रुतवायचे दोरेवाले छोटे खिळे) टाकून शिवून घेतलं. हाड फारसं झिजलं नव्हतं, म्हणून लाटर्जेपर्यंत, म्हणजे खोबणीला हाडाचा तुकडा जोडायच्या ऑपरेशनपर्यंत, वेळ आली नाही.

खांद्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पट्ट्याबद्दल, म्हणजे ऑपरेशननंतर हात अंगाशी जखडून ठेवणाऱ्या शोल्डर इमोबिलायझरबद्दल. अँकरचं भलंमोठं बिल विमा कंपनीने मुकाट्याने भरलं आणि हा स्पंजचा तुकडा मात्र नॉन-पेएबल! भांडलो. टीपीएवाल्याने (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारा) इर्डाची, म्हणजे विमा नियामकाची, यादीच पुढे केली. तिच्यात नी इमोबिलायझरच्या शेजारी शोल्डर इमोबिलायझर अगदी नावानिशी आहे, आणि यादीचं नाव काय, तर ऐच्छिक वस्तू. टाके सांभाळणारी वस्तू ऐच्छिक!

बरं, पैसे गेले तर गेले, वस्तू तरी धड? 'फ्री साइज' म्हणून गळ्यात मारलेला. कोपर मागून बाहेर डोकावतंय, मनगट लोंबकळतंय, वेल्क्रोत टॉवेलचे धागे अडकले की ऐन पहाटे चर्रकन सुटतोय. आईने जुन्या सुती साडीची घडी गळपट्ट्याला टाचून दिली तेव्हा कुठे मान सोलायची थांबली.

सुरुवातीला मी याला शुद्ध लूट म्हणत होतो. मत बदललं ते फिजिओ मॅडममुळे. हात बाहेर वळला की ताण नेमका शिवलेल्या पुढच्या भागावर येतो. लॅब्रम हाडाला धरायला कित्येक आठवडे लागतात, तोवर सगळी भिस्त दोऱ्यांवर. दुखायचं थांबलं म्हणजे जोड पक्का झाला असं नव्हे. थोडक्यात, पट्टा हवाच. हाच हवा असं नाही. मापाचा दुसरा आणला (पुन्हा स्वतःच्या खिशातून) आणि रात्री झोप लागली.

बाकी: ब्लॉकमुळे (हात बधिर करायचं इंजेक्शन) हात काही तास परक्याचा वाटतो, कुणाकुणाचा आवाजही बसतो, औषध उतरलं की सुटतो. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. पेंड्युलम (वाकून हात लोंबता झुलवायचा व्यायाम) सोपा, बाहेरचं रोटेशन घाम काढतं. कोपर अंगाला टेकवून हात वळवला तर डावा अजून उजव्याच्या मागेच आहे. पाठीला साबण मात्र पोचतो. कबड्डीतल्या चढाईला परवानगी अजून नाही.

जुना पट्टा विकायला काढला होता. फुकटही कोणी नेला नाही.