व्हिडिओ कन्सल्टेशन आणि ऑनलाइन केस क्लास : वर्षभर वापरल्यावर

मी सायकियाट्रिस्ट, सोलापुरात छोटं क्लिनिक आहे. गेल्या उन्हाळ्यात व्हिडिओ कन्सल्टेशनचं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याच सुमारास डॉक्टरांचा दर आठवड्याचा ऑनलाइन केस क्लास पण जॉइन केला. बरेच जण घेऊ का म्हणून विचारतायत, एकदाच लिहितो.

जुन्या पेशंटच्या फॉलोअपला झकास. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून दहा मिनिटांसाठी यायचं म्हणजे एक मजुरी बुडते, ती वाचते आणि गोळ्या मधेच बंद करणं कमी झालंय. नवीन पेशंट मात्र मी समोरच बघतो. आणि मिथाइलफेनिडेट (एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा यावरचं औषध) सारखी औषधं 2020 च्या टेलिमेडिसिन गाइडलाइननुसार ऑनलाइन लिहिताच येत नाहीत, त्यामुळे एडीएचडीच्या पोरांचे आईबाप "व्हिडिओवरच द्या की ओ डॉक्टर" म्हणाले तरी इलाज नाही.

खरी अडचण नेट नाही, खोली आहे. विडी कामगारांच्या वस्तीत एका खोलीत पाच माणसं, सून फोन धरून बसलीय आणि मागं सासू विड्या वळत बसलीय, काय बोलणार ती? सॉफ्टवेअर आधी पीएचक्यू-9 चा, म्हणजे डिप्रेशन मोजायचा, फॉर्म पाठवतं, नऊ प्रश्न, तो बऱ्याचदा नवराच भरतो आणि नववा, जीव नकोसा होण्याचा प्रश्न, त्यात हमखास शून्य. त्या शून्यावर मी काडीचा विश्वास ठेवत नाही. क्लासमधे एकीनं सांगितलं की आधी फक्त हो-नाही मधे उत्तर येईल असं विचारायचं, एकट्या आहात का, नंतर फोन करू का. फुकटची युक्ती, कुठल्या फीचरमधे नाही.

क्लासचं म्हणाल तर रेकॉर्डेड लेक्चर मी लावून देतो आणि चहा पितो, खोटं कशाला बोलू. मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांत 30 क्रेडिट अवर्स लागतात, ते होतात, बास. पण लाइव्ह केस चर्चा सोडत नाही. एका केसमधे लिथियमवरच्या, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीवरच्या, पेशंटचे हात थरथरायला लागले होते, उन्हाळा, घाम, पाणी कमी, वर कंबरदुखीसाठी दुकानातून घेतलेली पेनकिलर, दोन्हीनं रक्तातली लिथियमची लेव्हल चढते. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलंय, पण आपल्याकडे लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस पेनकिलरला औषध समजतच नाही, सांगत पण नाही. तेव्हापासून एप्रिल-मे मधे मी नाव घेऊन विचारतो, डायक्लो खाल्ली का, ब्रुफेन खाल्ली का. लेव्हल तपासायचा रिमाइंडर सॉफ्टवेअरमधून जातो, शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त द्या असं मराठीत लिहून. पूर्ण पैसे या एका गोष्टीत वसूल.

वैताग एकच, फॉर्म इंग्रजी, हिंदी, मराठीत, तेलुगू-कन्नड नाही. सोलापुरात! कंपाउंडर तेलुगू बोलतो म्हणून फोनवर वाचून दाखवतो, पण नववा प्रश्न मी त्याला वाचू देत नाही, तो मीच विचारतो, मोडक्यातोडक्या तेलुगूत.

रिन्यूअल करणार आहे. पण वार्षिक प्लॅन नाही, तेलुगू येईपर्यंत महिन्याचाच.