सीझनच्या शेवटी घेतलेला ट्रान्समीटर

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यात स्कूबा डाइव्हिंगचं वापरलेलं सामान बरंच विकायला निघतं. पाऊस लागला की बोटी बंद होतात आणि बाहेरून कामाला आलेले इन्स्ट्रक्टर गावाला निघतात. अशाच एकाकडून मी डाइव्ह कॉम्प्युटरचा वायरलेस ट्रान्समीटर १४,००० रुपयांना घेतला. सिलेंडरमध्ये किती हवा उरली ते हा मनगटावरच्या कॉम्प्युटरला कळवतो. नवा याच्या दुपटीहून महाग पडतो. माणूस मराठी बोलणारा. मी फोंड्याचा म्हटल्यावर त्यानं म्हापशाच्या खोलीवर बोलावून चहा पाजला.

"दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत दादा. फार तर चाळीस डाइव्ह," म्हणाला. भरलेल्या सिलेंडरला रेग्युलेटर (श्वासासाठी हवा देणारं उपकरण, ट्रान्समीटर त्यालाच बसतो) लावून दाखवला. माझ्या कॉम्प्युटरशी जोडला गेला, हवेचा दाब १९८ बार. काट्याच्या गेजवरही जवळपास तेवढेच. पाण्यात उतरून बघू म्हटलं, तर "आता समुद्र कुठे राहिलाय?" तेही खरंच होतं. मी तिथंच पैसे पाठवले.

ऑक्टोबरात ग्रँड आयलंडला पहिली डाइव्ह केली. १२ मीटरवर कॉम्प्युटर ११० बार दाखवत होता, काटा ८०. मला काट्याचाच संशय आला! बडीचा, म्हणजे सोबत उतरलेल्या जोडीदाराचा गेज पाहिला, त्याचे ७५ उरले होते. मी नेहमी त्याच्याइतकीच हवा वापरतो. खूण केली आणि दोघं वर आलो. कॉम्प्युटरवर विसंबून खाली राहिलो असतो तर, हा विचार अजून जात नाही.

बोटीवर रेग्युलेटर तसाच ठेवला. आकडा हळूहळू उतरत दहा मिनिटांनी काट्याला येऊन मिळाला. सर्व्हिस करणाऱ्यानं ट्रान्समीटर काढून दाखवला तेव्हा कारण कळलं. रेग्युलेटरच्या हाय प्रेशर पोर्टमध्ये (सिलेंडरचा पूर्ण दाब येतो त्या भोकात) बसणाऱ्या टोकाला सुईएवढं छिद्र असतं, तिथूनच हवा सेन्सरपर्यंत जाते. ते हिरव्या गंजानं आणि मिठानं जवळजवळ बुजलं होतं. सिलेंडर नुसता उभा असला की दाब सावकाश आत पोचतो आणि आकडा बरोबर दिसतो. श्वास घेत हवा संपत असताना मात्र आकडा मागे पडतो. बॅटरीच्या खोबणीतही पाणी शिरून गेलेलं, पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग चपटी, संपर्काच्या पट्ट्या घासून चकचकीत केलेल्या. अंगावरचा नंबरही खरवडलेला, म्हणजे वय कळायचा मार्ग बंद.

म्हणून वापरलेला घ्यायचाच असेल तर सिलेंडर जोडून व्हॉल्व्ह उघडा, मग बंद करा आणि रेग्युलेटरवरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण अगदी हलकं दाबून हवा सोडत राहा. आकडा दर काही सेकंदांनीच बदलतो, तेवढी सवड द्या. काटा आणि आकडा २०० पासून ५० पर्यंत बरोबरीनं उतरले पाहिजेत. बॅटरीचं झाकण स्वतः उघडा. नंबर वाचता येत नसेल तर उठून या. आणि ट्रान्समीटर नवाकोरा असला तरी काट्याचा गेज काढून ठेवू नका. बॅटरी आणि ओ-रिंग कधीही दगा देऊ शकतात.

त्याचा फोन जूनपासून लागत नाही. पावती नाही, यूपीआयची नोंद तेवढी आहे. तीच जोडून तक्रार दिली आहे. त्या दिवशी त्याच्या पिशवीत असेच आणखी दोन ट्रान्समीटर होते, दोन्हींचे नंबर खरवडलेले आहेत की नाही हे मी पाहिलं नाही. कुणी घेतले असतील तर पाण्यात उतरण्याआधी एकदा हवा सोडून बघा.