पहिल्या रेल्वे गेटजवळची खानावळ आणि तिथले अर्धे ताट

बेळगावात टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या कौलारू घराच्या पडवीत ही खानावळ चालते. पाटीवर 'भाकरी-भाजी मिळेल' एवढेच लिहिले आहे आणि आत सहा टेबले आहेत. गेल्या चार महिन्यांत मी येथे आठवड्यातून दोनदा तरी जेवलो आहे, त्यामुळे हे मत एका दिवसाच्या जेवणावरचे नाही.

येथे येण्याचे कारण आधी सांगतो. गेल्या वर्षी माझ्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाचा उंबरठा मानला जातो. डॉक्टरांनी भाकरी, भात, गोड यांपैकी काहीच बंद केले नाही, फक्त प्रमाण कमी करायला सांगितले. आपल्या भागात हे पाळणे किती कठीण आहे, ते पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ताटावर हात आडवा धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पळी ओततो, आणि नको म्हणणाऱ्यावर यजमान रुसतात. नात्यातल्या एका लग्नात असाच आग्रह न मोडता जेवलो आणि ती सबंध रात्र आम्लपित्ताने उशीला टेकून बसून काढली. अन्न उत्तम होते, तरीही त्या जेवणाची चव मला आज आठवत नाही, फक्त ती रात्र आठवते.

या खानावळीत मागितल्यास अर्धे ताट मिळते. पूर्ण ताट १२० रुपयांना आणि अर्धे ८० रुपयांना आहे. अर्ध्या ताटात एक ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी) किंवा उसळ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, कांदा-काकडी, वाटीभर ताक आणि मूठभर भात असतो. पदार्थ एकही कमी केलेला नाही, केवळ वाढणी कमी आहे, आणि माझ्या दृष्टीने हीच या ताटाची खरी गोष्ट आहे. खाण्याचे सुख चवींच्या विविधतेत अधिक असते आणि ती येथे पुरेपूर मिळते. एण्णेगाईतले वांगे देठापर्यंत शिजलेले असते, आतला तीळ-शेंगदाण्याचा मसाला खरपूस भाजलेला असतो आणि गुळाचा अंश जिभेला शेवटी जाणवतो. तेल मात्र हात राखून घातले तर बरे होईल, वाटीच्या कडेला ते बोटभर उभे असते.

भाकरीविषयी सविस्तर लिहायला हवे. मागणी आल्यावरच मावशी पीठ मळतात, परातीत दोन्ही हातांनी भाकरी थापतात, तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात, पाणी सुकू लागताच उलटतात आणि शेवटी निखाऱ्यावर धरून फुगवतात. यात चार-पाच मिनिटे जातात. पहिली भाकरी संपल्यावर दुसरी हवी असेल तर तेवढे थांबावेच लागते, आणि त्या थांबण्यात बहुतेक वेळा दुसरीची इच्छा विरून जाते. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पूर्णपणे पोहोचायला साधारण २० मिनिटे लागतात, हे आपण अनेकदा ऐकलेले असते, पण गरम चपात्यांचा ढीग समोर असताना ती २० मिनिटे आपण कधी जाऊ देत नाही. येथे ती आपोआप जातात. अष्टांगहृदयात वाग्भटाने पोटाचे दोन भाग अन्नासाठी, एक पातळ पदार्थांसाठी आणि एक वायूसाठी मोकळा ठेवायला सांगितला आहे. अर्धे ताट आणि वाटीभर ताक झाल्यावर उठताना मला तो मोकळा भाग प्रत्यक्ष जाणवतो. दुपारी कचेरीत डोळ्यांवर झापड येत नाही.

वाढणाऱ्या मुलाची रीतही मला फार आवडली. तो ताटापाशी येऊन 'साका काका, की घालू अजून?' असे विचारतो आणि उत्तर येईपर्यंत पळी भांड्यातच ठेवतो. 'साकु', म्हणजे कानडीत 'पुरे', म्हटले की तो पुढच्या टेबलाकडे जातो, दुसऱ्यांदा विचारत नाही.

जेवणानंतर १५ रुपयांत द्रोणात दोन चमचे कुंदा, ही बेळगावची दुधाची मिठाई, मिळतो. दुकानातून पाव किलो आणला की घरी तो एका संध्याकाळी संपतो, हा माझा जुना अनुभव आहे. येथे दोनच चमचे समोर आल्यामुळे मी तो दाताखाली रवाळ लागेपर्यंत घोळवतो आणि आटलेल्या दुधाचा, करपू न देता तांबूस केलेल्या साखरेचा स्वाद सावकाश घेतो. कुंदा इतक्या लक्षपूर्वक मी पूर्वी कधीच खाल्ला नव्हता.

काही उणिवा सांगणे आवश्यक आहे. फलकावर अर्ध्या ताटाचा उल्लेखच नाही, त्यामुळे नवख्या माणसाला ते मिळते हे कळत नाही. पूर्ण ताटातील भात सुरुवातीलाच शीग लावून येतो आणि भाकरी संपेपर्यंत गार होतो. बासमतीसारखा सुवासिक तांदूळ वापरून तो असा वाया घालवणे मला खटकते. तो शेवटी, विचारून वाढावा. रविवारी दुपारी गर्दीमुळे भाकऱ्या आधीच थापून चवडीने ठेवतात. त्या वातड होतात, आणि थांबावे लागत नसल्याने आपणही भराभर खातो. दोन रविवारी मी गरजेपेक्षा जास्त जेवून उठलो, म्हणून आता त्या दिवशी जात नाही.

उरलेले अन्न डब्यात भरून न्यायला येथे कोणी नाक मुरडत नाही. घरून डबा नेला तर मावशी उरलेली भाकरी स्वतः फडक्यात गुंडाळून देतात. मंगळवारी खानावळ बंद असते. इतर दिवशी साडेबाराच्या आत गेल्यास चुलीजवळचे टेबल मिळते. तिथे बसून अर्धे ताट सांगावे आणि कुंद्याचा द्रोण आधीच राखून ठेवायला सांगावा, कारण दोन वाजेपर्यंत तो संपलेला असतो.