गेमला पैसे द्यायचेच असतील तर कुठल्या वाटेनं?

परवा कोल्हापूरच्या गंगावेशीतला एक म्हशीवाला दुकानात आला. भवानी मंडपापासून चालत पाच मिनिटांवर माझं मोबाइल रिपेअरीचं दुकान. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "भावा, पेंडीचं पैसं कुठं गेलं बघ की जरा." बँकेचे मेसेज उघडले. ८९, ८९, ४४९, परत ८९. नऊ दिवसांत तीन हजारांच्या वर, सगळे एकाच गेमला. पोरगं सातवीत. यूपीआयचा पिन त्याला कसा ठाऊक? "चष्मा नसला की मीच सांगतो त्याला, टाक म्हणून."

लॉकच्या सेटिंगमध्ये चार बोटं नोंदवलेली होती. चारही पोराची. बापाचं बोट सेन्सर घेतच नाही. धारा काढून काढून ठसा झिजलाय.

दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत असे पालक आठवड्याला दोन-तीन तरी येतात. "गेमच काढून टाका" म्हणतात. काढून देतो, संध्याकाळी पोरगं परत डाउनलोड करतं. त्यापेक्षा पैसा घरातून कुठल्या वाटेनं बाहेर जाणार हे आधी ठरवलेलं बरं. गेम निवडण्याआधी ही वाट निवडा, असं मी सगळ्यांना सांगतो.

पहिली वाट म्हणजे फुकटचा गेम आणि त्याला जोडलेलं घरचं यूपीआय किंवा कार्ड. बहुतेक घरांत हेच, कारण यात काही ठरवावंच लागत नाही. गेममधल्या वस्तूंची किंमत रुपयांत दिसत नाही, गेमच्या स्वतःच्या पैशांत दिसते. बीजीएमआय नावाच्या बंदुकांच्या गेममध्ये यूसी, फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड. रुपयाचा डायमंड झाला की पोराला तो पैसा वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही वाटत नाही. बऱ्याच गेममध्ये पॅकचा आकडा मुद्दाम अडनिडा ठेवतात: हवी ती बंदूक १२० ला, पॅक १०० चा. दोन पॅक घ्या, ८० शिल्लक राहतील, आणि ती शिल्लक वाया जाऊ नये म्हणून तिसरा. वर उलटं घड्याळ, "ऑफर १० मिनिटांत संपणार". घड्याळ संपतं, दुसऱ्या दिवशी तीच ऑफर परत उभी. अशा खोट्या घाईला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांच्या, यादीत घातलंय. यादीत असे १३ प्रकार आहेत. शिवाय नशिबाच्या पेट्या. आत काय निघेल ते पैसे दिल्यावरच कळतं, जत्रेतल्या सोडतीसारखं. बेल्जियमनं २०१८ मध्येच पैशाच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. खातं थेट जोडलेलं असेल तर या सगळ्याला शेवट फक्त बँकेतल्या शिल्लकीचा.

दुसरी वाट गूगल प्लेच्या रिडीम कोडची, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेल्या कूपनची. ओळखीच्या पेमेंट अ‍ॅपमधून शंभर-दोनशेचा कोड घ्यायचा, मुलाच्या प्ले खात्यात टाकायचा, आणि तिथलं कार्ड-यूपीआय काढून टाकायचं. शंभर संपले की संपले. लूट व्हायची तर तेवढीच. खोट एकच, पण मोठी: हा कोड म्हणजे रोख रक्कम. कुणाला सांगितला की गेला. "अर्ध्या किमतीत डायमंड देतो, कोडचा फोटो पाठव" म्हणणारे टेलिग्रामवर ढिगानं आहेत. फुकट यूसीच्या लिंकाही त्याच जातीच्या. त्या लॉगिन मागतात आणि खातंच घेऊन जातात.

तिसरी वाट महिन्याच्या वर्गणीची. अ‍ॅपल आर्केड २०१९ मध्ये आणि गूगल प्ले पास २०२२ मध्ये भारतात आले तेव्हा दोन्ही महिना ९९ रुपयांत होते; आजचा दर घेताना बघा. यातल्या गेममध्ये जाहिराती नाहीत, आत वेगळी खरेदी नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला, रोज नवा गेम लागणाऱ्याला, झकास. पण अख्खी गल्ली बीजीएमआय खेळते आणि तुमचं पोरगं तेच मागत असेल, तर वर्गणी भरूनही घरात रडारड कायम, कारण ते गेम यात नाहीतच. आणि सुरुवातीचा फुकट महिना संपला की ऑटोपे सुरू होतो, म्हणजे पैसे आपोआप कापले जातात. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं लोक धरून चालतात. थांबत नाही. प्ले स्टोअरच्या (आयफोनवर अ‍ॅपलच्या) सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करावी लागते.

एकदाच पैसे देऊन घ्यायचे गेम ही चौथी. मला स्वतःला हीच आवडते, पण दुकानात कुणी विचारत नाही.

रमी, पत्ते, पैसे लावायचे गेम मी वाटांत धरतच नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं ते चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे वळते करणं, तिन्ही बंद केलंय. आता कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप) पाठवून "जिंकलेले पैसे काढायला आधी टॅक्स भरा" म्हणाला, तर जिंकलेलं काहीच नाही, फक्त भरायचं आहे. भरून बसला असाल तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर अडवता येण्याची शक्यता राहते.

पोरानं पिन टाकून केलेली खरेदी हे मात्र वेगळं प्रकरण. तिथं चोर कोणी नाही. प्ले स्टोअरकडं ४८ तासांच्या आत परतावा मागून बघायचा. नंतर गेमवाल्यालाच विनवणी. म्हणून मेसेज महिन्याच्या शेवटी वाचू नका.

मग घ्यायचं काय? एकच फोन घरात फिरत असेल आणि पोरगं एकाच गेमला चिकटलेलं असेल तर कोड. पोरगं लहान असेल तर वर्गणी. पोराचा फोन वेगळा असेल तर गूगलचं फॅमिली लिंक लावा, खरेदीची परवानगी तुमच्या फोनवर मागितली जाते. पण ती फक्त प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीला लागू. बाहेरच्या वेबसाइटवरून केलेला टॉप-अप तिथं दिसणारच नाही. थेट खातं जोडायची शिफारस मी कुणालाच करत नाही, मग पोरगं कितीही गुणी असो.

म्हशीवाल्याला शंभराचा कोड घेऊन दिला. यूपीआयचा पिन बदलला, चारही बोटं काढली, प्लेच्या खरेदीला दर वेळी पासवर्ड लावला. पासवर्ड काय ठेवायचा हे त्यानंच ठरवलं, एका म्हशीचं नाव आणि पुढं काही आकडे. मग खिशातनं दुधाची वही काढून मागच्या पानावर ठळक अक्षरांत लिहायला लागला. म्हटलं, "मामा, हे पान पोराला सापडंल की."

"त्यो वही उघडतोय व्हय? उघडली की धारंला बसवीन म्हणून सांगिटलंय."