स्थलांतरित शेतमजुराचा अंत्यविधी : मुंबईतील महापालिका स्मशानभूमीची सेवा

खरीप आटोपला की नांदेड, लातूर, जालना या भागांतील शेतमजूर कुटुंबे मुंबईत येतात, मोकळ्या मैदानांवर किंवा उड्डाणपुलांखाली पाल ठोकतात, सकाळी नाक्यावर उभी राहून मिळेल ती बिगारी करतात आणि पेरणीच्या तोंडावर गावी परततात. त्यांच्यापैकी कोणी इथेच दगावले तर पुढचे सारे कोणी करायचे, हा प्रश्न नाका कामगारांमध्ये काम करताना वारंवार समोर येतो. गेल्या हिवाळ्यात नांदेडकडील एका शेतमजुराच्या अंत्यविधीसाठी मी पूर्व उपनगरांतील महापालिकेच्या एका स्मशानभूमीत गेलो होतो. तिथल्या सेवेविषयी आधी लिहितो, कारण ती खरोखर चांगली आहे.

कार्यालयातील लिपिकाने रुग्णालयाची कागदपत्रे आणि मृताचे आधार कार्ड पाहिले. पत्ता मुंबईबाहेरचा होता, पण त्यावरून एकही आडवा प्रश्न विचारला गेला नाही. लाकूड मोफत मिळाले, विद्युतदाहिनीचा पर्यायही सांगितला गेला. खांदा द्यायला माणसे कमी आहेत हे पाहून तिथले कर्मचारी न सांगता पुढे आले, सरण त्यांनीच रचले आणि मुलाला विधी करायला हवा तेवढा वेळ दिला. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार मृतांच्या अंत्यविधीच्या जागांची व्यवस्था हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. हे कर्तव्य उपकाराचा आविर्भाव न आणता पार पाडणारी माणसे तिथे आहेत, याची नोंद व्हायलाच हवी.

उणीव आहे ती स्मशानाच्या फाटकाअलीकडे. पालावर तापाने फणफणलेला हा माणूस रुग्णालयात पोहोचण्याआधीच गेला होता, त्यामुळे पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन आले. मुकादमाचा फोन बंद झाला. नातेवाईक आल्याशिवाय ताबा मिळत नव्हता, आणि नातेवाईक सुमारे ६०० किलोमीटरवर. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मृतदेह नेत नाही, आणि गावापर्यंतच्या खासगी शववाहिनीचे भाडे ऐकल्यावर गावाकडे नेण्याचा विचारच सोडून द्यावा लागला. मुलगा रात्रीच्या गाडीने आला, आणि शवागारापासून स्मशानापर्यंतच्या गाडीचे पैसे नाक्यावरच्या मजुरांनी वर्गणी काढून भरले. रोजच्या हजेरीवर पोट असलेल्या माणसांनी हा भार उचलावा, हे मला अजिबात मान्य नाही.

शासनाची मदत मुळीच नाही, असे नाही. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराच्या वारसाला अंत्यविधीसाठी १०,००० रुपये मिळतात. परंतु नोंदणीसाठी मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या मालकाकडे जाणाऱ्या, आणि वर्षाचा बराच काळ दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला असा दाखला कोण देणार? त्याचे मूळ काम शेतीचे, मृत्यू शहरात, आणि दोन्हींच्या मध्ये त्याची नोंद कुठेच नाही.

दफनाचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. मराठवाड्यातून येणाऱ्यांत लिंगायत असतात, नाथपंथी डवरी गोसावी असतात, आणि त्यांच्यात मृतदेह पुरण्याची रीत आहे. मुंबईत जमिनीची टंचाई आहेच, शिवाय अनेक दफनभूमी त्या त्या समाजाच्या विश्वस्त संस्थांकडे आहेत. चार महिन्यांसाठी आलेल्या कुटुंबाची तिथे ओळख नसते, आणि मग नाइलाजाने दहन केले जाते. बेघर मृतांनाही त्यांच्या धर्मरीतीनुसार सन्मानाने अंत्यविधी मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने आश्रय अधिकार अभियान प्रकरणात २००२ मध्येच मान्य केले आहे. हा हक्क पालावरच्या माणसाला मिळायचा असेल तर प्रत्येक विभागात, कोणत्याही समाजाच्या शिफारशीविना मिळेल अशी दफनाची थोडी तरी जागा महापालिकेने राखून ठेवली पाहिजे. मृतदेह मूळ जिल्ह्यात पोहोचवण्याचा खर्च मात्र एकट्या महापालिकेवर टाकणे योग्य नाही; तो कामगार विभागाने उचलावा, आणि कामावर ठेवणाऱ्याकडून वसूल करावा.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी एक सूचना. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथेच होते, त्यामुळे गावची ग्रामपंचायत मृत्यूचा दाखला देऊ शकत नाही. स्मशानातील पावती जपून ठेवावी, तिच्यावरील नाव आधार कार्डाप्रमाणेच आहे ना ते तिथल्या तिथे तपासावे, आणि गावी परतण्यापूर्वी मृत्यू दाखल्याच्या एकाहून अधिक प्रती घ्याव्यात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्ता माणूस साठीच्या आत गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात, आणि विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करता येतो. दोन्ही अर्ज तहसील कार्यालयात द्यायचे असून दोन्हींना हाच दाखला लागतो.