रॅपच्या मोठ्या शोला मुलांना न्यायचंय? पिट, मागचं मैदान, स्टँड की दोन दिवसांचा फेस्टिव्हल

नोव्हेंबर २०२५ च्या एकाच आठवड्यात मुंबईतल्या आईबापांची दोनदा परीक्षा झाली. बुधवारी, १९ तारखेला, महालक्ष्मी रेसकोर्सवर अमेरिकन रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा शो. लगेच शनिवार-रविवारी, २२ आणि २३ ला, खारघरमध्ये रोलिंग लाउड. मायामीत २०१५ साली सुरू झालेला हा रॅपचा फेस्टिव्हल भारतात पहिल्यांदाच आला होता. तेव्हापासून ओळखीतल्या आया मला एकच प्रश्न विचारतात. पोरं हट्टाला पेटली आहेत, एकटं पाठवायचं का, सोबत जायचं का, आणि तिकीट कुठलं काढायचं?

माझा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे, भाची सतराची. दोघांना घेऊन मी गेल्या तीन वर्षांत चार मोठे शो पाहिले. एक पिटमध्ये, एक मागच्या मैदानात, एक स्टेडियमच्या स्टँडमध्ये बसून, आणि एक दोन दिवसांचा फेस्टिव्हल. चारही वेळा पोरं आनंदाने घरी आली, पण चारही वेळचा दिवस अगदी वेगळा गेला. माझं मत पक्कं झालंय ते असं: कोणाला ऐकायचं हे पोरांना ठरवू द्या. उभं कुठे राहायचं हे तुम्ही ठरवा.

पिट

स्टेजच्या अगदी लगतचा, बॅरिकेड लावून वेगळा केलेला उभं राहण्याचा भाग म्हणजे पिट. कुठे त्याला फॅन पिट म्हणतात, कुठे आणखी काही नाव देऊन जास्त पैसे घेतात. पोरांना हवं असतं ते हेच, आणि का हवं असतं हे तिथे उभं राहिल्यावर मला कळलं. बेस छातीच्या पिंजऱ्यात वाजतो. बीट पडायच्या आधी दोन-चार सेकंद पोरं एकमेकांना पाठीने मागे रेटत मोठं रिंगण करतात. मधली जमीन उघडी दिसते, त्यावर एखादी चेपलेली बाटली, तुटलेला रिस्टबँड. मग बीट पडतो आणि सगळं रिंगण चारी बाजूंनी आत धावतं. माझ्यासमोर एक मुलगा आडवा झाला. ज्यांची धडक बसली होती त्यांनीच त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं, तेही पुढची ओळ सुरू व्हायच्या आत. एकाने त्याचा निसटलेला बूट डोक्यावर उंच धरला आणि "बूट कुणाचा रे, बूट कुणाचा" असं ओरडत तो परत पोचवला. पडलेल्याला आधी उचलायचं, हा मॉश पिटचा, म्हणजे या धडकाधडकीच्या रिंगणाचा, नियम ती पोरं फार मनापासून पाळतात. ते पाहून माझ्या मनातली निम्मी भीती गेली.

उरलेली निम्मी मात्र गेली नाही, आणि जाऊही नये. मला धास्ती वाटते ती दाबाची. ५ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकेत ह्यूस्टनला ट्रॅव्हिस स्कॉटच्याच अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलमध्ये सुमारे ५०,००० लोक होते. त्या गर्दीत चेंगरून १० जण गेले. सगळ्यात लहान ९ वर्षांचा मुलगा होता, वडिलांसोबत आलेला. अशा ठिकाणी माणूस बहुतेक वेळा तुडवला जाऊन मरत नाही. चहूबाजूंनी इतका दाब येतो की छाती फुगायला जागा उरत नाही, आणि श्वास उभ्या उभ्याच बंद पडतो. मागून ढकलणाऱ्याला पुढे काय चाललंय ते कळतही नाही. एका चौरस मीटरमध्ये पाचपेक्षा जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो. एवढं मोजत कोण बसणार? म्हणून मी पोरांना एक खूण सांगून ठेवली आहे: हात वर नेऊन स्वतःचं नाक खाजवता येत नसेल, तर गाणं कितीही आवडीचं असो, बाहेर निघायचं. हात छातीसमोर मुठी करून धरायचे आणि गर्दीची लाट ओसरेल तेव्हा तिरकं, कडेकडेने सरकायचं. लाटेच्या उलट जोर लावून अंगातली ताकद संपवायची नाही. बॅरिकेडचा कोपरा तर कायमचा टाळायचा.

भाचीची उंची पाच फूट. पिटमध्ये तिला दिसल्या त्या लोकांच्या पाठी आणि वर धरलेले फोन. घरी येताना ती म्हणाली, "मावशी, मी त्याला खरं तर स्क्रीनवरच पाहिलं." एवढे पैसे भरून. उंची कमी असेल तर हा मुद्दा तिकीट काढण्याआधी पोरांशी मोकळेपणाने बोला.

त्या अनुभवानंतर माझा हिशेब असा: सोळाच्या आत पिट नाही. सोळा ते अठरा असेल तर मोठं कुणीतरी सोबत हवं, आणि तेही पिटच्या मागच्या कडेला.

मागचं मैदान

याला जनरल म्हणतात आणि त्याची किंमत सगळ्यात कमी असते. पोरं नाक मुरडतात, पण चारपैकी सगळ्यात सुंदर आवाज मी इथे ऐकला. त्याचं कारण साधं आहे. मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्यांचा मंडप असतो, तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाने ऐकून सगळा आवाज जुळवत असतो. त्या मंडपाच्या बाजूला, जरा पुढे उभं राहा. शब्द सुटे सुटे ऐकू येतात, आणि रॅपमध्ये शब्दच ऐकू आले नाहीत तर जाऊन उपयोग काय? गर्दी विरळ असते, पोरांना नाचायला खरी जागा मिळते, स्वच्छतागृहाला जाऊन परत आपल्या जागी येता येतं. माझ्या मुलाने तिथे जमलेल्या अनोळखी पोरांबरोबर स्वतःचं छोटं रिंगण केलं, पाच-सात जणांचं, आणि मला दोन तास तो डोळ्यांसमोर दिसत होता.

उणीव एकच: पोरांना लांब राहिल्याची खंत वाटते. ट्रॅव्हिस स्कॉटसारखा कलाकार एकच गाणं लागोपाठ कितीतरी वेळा वाजवतो. तेव्हा पुढच्या गर्दीत जी पेटापेट होते ती मागून पाहताना मुलाच्या चेहऱ्यावर ती खंत दिसते.

स्टँड

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमसारख्या ठिकाणी बसायची सोय असते. चौदाच्या आतल्या मुलांसाठी दुसरा विचारही करू नका. ज्या तिकिटावर खुर्चीचा नंबर असतो, त्यासाठी दुपारी तीनपासून उन्हात रांग लावावी लागत नाही. साडेसहाला निवांत पोचलात तरी तुमची जागा तुमचीच. बसतं तसं कुणीच नाही, पहिल्या बीटला सगळा स्टँड उभा राहतो, पण मागे-पुढे पायऱ्या असल्यामुळे लहान पोरालाही स्टेज दिसतं. शिवाय पिटमधल्यांना जे दिसत नाही ते इथून दिसतं. खाली हजारो फोनच्या टॉर्च लागतात आणि रिंगणं उघडतात-मिटतात, तेव्हा मुलगा कठड्यावर बोटांनी ताल धरून एकटक खाली पाहत होता.

एकट्याचा शो की फेस्टिव्हल?

एकट्या कलाकाराच्या शोला मुख्य माणूस साधारण सव्वा ते दीड तास असतो. आपल्याकडे उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावायला नियमाने बंदी आहे, त्यामुळे मोकळ्या मैदानावरचे शो बहुधा दहाच्या आत संपतात. आईबापांसाठी याहून चांगली सोय नाही. मुख्य कलाकार आठच्या आसपास येईल असं धरून चालायचं आणि पोरांची दुपारी दोनला निघायची घाई थोपवायची.

फेस्टिव्हल म्हणजे दुपारपासून रात्रीपर्यंत आठ-आठ तास, तेही दोन दिवस. पैशाच्या मानाने ऐकायला भरपूर मिळतं. भाची एका नावासाठी गेली होती आणि तीन नवी नावं घेऊन आली. जी कधी ऐकलीही नव्हती ती मंडळी आज तिच्या फोनमध्ये रोज वाजतात, आणि हा फायदा मला फार मोठा वाटतो. पण ऊन, धूळ आणि थकवा यांचा विचार आधीच करायला हवा. एप्रिल २०२३ मध्ये खारघरलाच महाराष्ट्र भूषण सोहळ्याला उघड्या मैदानात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला होता. नोव्हेंबर-डिसेंबरचं ऊन तेवढं नसतं, तरी सावली नसलेल्या मैदानात नाचणाऱ्या पोराच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. मुलं पहिल्यांदाच जात असतील तर एकाच दिवसाचं तिकीट मिळतंय का बघा. दुसऱ्या दिवशी आमची दोन्ही पोरं संध्याकाळी सहाला जमिनीवर बसली होती आणि मुख्य कलाकाराच्या वेळी कशीबशी उठली.

एका शोला (कुठल्या, ते इथे लिहीत नाही) गेटवर आमच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या आणि आत पाण्याच्या काउंटरवर चाळीस मिनिटांची रांग होती. मोबाइलला नेटवर्क नव्हतं, त्यामुळे यूपीआय चालेना, आणि काउंटरवाला रोख घेईना. मला अजूनही त्याचा राग आहे. हजारो अल्पवयीन मुलांना आत घेताय तर फुकट पिण्याचं पाणी ही मेहेरबानी नव्हे, कर्तव्य आहे. तेव्हापासून आम्ही गेटबाहेर पोटभर पाणी पिऊन आत जातो. माझा नंबर दोघांच्या मनगटावर बॉलपेनने लिहिलेला असतो. हरवलो तर भेटायची जागा आत शिरल्या शिरल्या ठरवतो, फोनच्या भरवशावर राहत नाही.

पहिला शो देशी रॅपरचा का असावा

पोरांच्या पहिल्या शोसाठी मी परदेशी नावापेक्षा आपल्याकडचं नाव निवडेन. अंधेरीच्या जे. बी. नगरमधून आलेला डिव्हाइन असो की पुण्याचा एमसी स्टॅन, त्यांचे शब्द पोरांना तोंडपाठ असतात आणि तुम्हालाही कळतात. स्वदेशी या मुंबईच्या गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. सोबतच्या मोठ्या माणसाला शब्द कळले की घरी जाताना बोलायला काहीतरी उरतं. शिव्या असतील, हे धरूनच चला. पोरांनी त्या आधीच ऐकलेल्या आहेत. मी त्यावर एकदाच बोलले, शांतपणे, आणि मुलाने मला त्या गाण्यात कोण कुणावर का चिडलंय ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्याला एवढं सलग बोलताना मी खूप दिवसांनी ऐकलं.

छोट्या हॉलमधले शो स्वस्त आणि कलाकाराच्या अगदी जवळचे असतात, पण त्यातल्या पुष्कळ ठिकाणी दारू मिळते, म्हणून २१ वर्षांखालच्यांना दारातूनच परत पाठवतात. वयाची अट तिकीट काढण्याआधी वाचा, मोठ्या शोचीसुद्धा.

कान

कान सांभाळणं मी कुठल्याही तिकिटाला सोडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या निकषाने मात्र १०० डेसिबलला उघड्या कानाने दिवसभरात १५ मिनिटंच सुरक्षित. फोमचे इअरप्लग केमिस्टकडे अगदी स्वस्तात मिळतात, फक्त ते नीट घालावे लागतात. बोटांत वळून वातीसारखे बारीक करायचे, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. भाचीने पहिल्यांदा नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले आणि "काही फरक नाही" म्हणून काढले. नीट घातल्यावर म्हणाली, "अगं, आता शब्द जास्त कळतायत!"

परतीचा प्रवास

महालक्ष्मीला स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे, नेरूळला हार्बर लाइन आहे, त्यामुळे कॅबसाठी तासभर ताटकळण्यापेक्षा लोकल बरी. मात्र शेवटच्या गाण्यावर सगळ्यांबरोबर गेटकडे धावू नका. एक तर शेवटची दोन गाणी कडेला, गेटजवळ उभं राहून ऐका, नाहीतर संपल्यावर वीस मिनिटं मैदानातच बसा. आम्ही बसतो. पोरं व्हिडिओ दाखवतात, बसलेल्या घशाने एकमेकांच्या ओळी पुऱ्या करतात, आणि पुलावरची गर्दी ओसरते.

पुढच्या शोचं ठरलंय. भाची तोवर अठराची होईल, ती मैत्रिणींबरोबर पिटच्या मागच्या कडेला. मुलगा आणि मी साउंडच्या मंडपाशेजारी. त्याने दोन दिवस वाद घातला, मग स्वतःच विचारलं, "तिथे तुलाही शब्द नीट ऐकू येतात ना?"